सोजरबाईंचा फोटो

राजपुरा, बुऱ्हाणपूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघूनच ते बाजूला सारावंसं वाटलं असेल. काय करणार, अक्षर ओळखू येण्यावरच माझं पोट चाललं. पण फाडण्याआधी एवढं वाच. शीतलचं लग्न ठरल्याचं विपुलने सांगितलं. माझ्या भावाचा मुलगा म्हणून नव्हे, तर तुझा-माझा बोलण्याचा एवढा एकच धागा उरलाय म्हणून मी त्याला जपून असतो. मुलगा तुमच्या नाशिकचाच आहे, बँकेत आहे, एप्रिलच्या शेवटी मुहूर्त आहे, हे सगळं त्याच्याकडूनच कळलं. नातीला माझे आशीर्वाद सांग, किंवा नको सांगूस, तुला योग्य वाटेल ते कर.

तुझा निरोपही त्याने पोचवला. देवकाच्या वेळी पाटावर घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, मुलाकडच्यांचे चार पिढ्यांचे तयार आहेत, आणि तुझ्याकडे तुझ्या आईचा एकही नाही. विपुल म्हणाला, "काका, ताईला एकच फोटो पाहिजे, बस. इतना तो आप कर सकते हो ना?"

नाही गं करू शकत. माझ्याकडे फोटो नाही. आमच्या लग्नातला एक होता, त्याला वाळवी लागली. हात आता कापतो, त्यामुळे नवीन काढण्याचंही नाव नको. फ्लेक्सवाले आल्यापासून ब्रश तसेही सुकलेत. दुकानावरची 'लीलाधर पेंटर' ही पाटी तेवढी शाबूत आहे, कारण तिचे पैसे कुणी देणार नव्हतं म्हणून मी ती मन लावून रंगवली होती.

विपुलने आणखी एक विचारलं. म्हणाला, "काका, सगळ्या तहसिलीतल्या मयतांचे फोटो रंगवले तुम्ही, काकूंचा कधी काढलाच नाही?" मी नाही म्हणालो. हे तुला त्याच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

तब्येतीला जप.

तुझा,
नाना


राजपुरा
१६ फेब्रुवारी

चि. सौ. ज्योत्स्नास आशीर्वाद.

विपुलच्या मोबाइलवर आलेलं तुझं एक वाक्य त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं. "नंदकुमारमामा म्हणतो तो फोटो पत्र्याच्या पेटीत होता, वाळवी पत्रा कधीपासून खायला लागली?" विपुल हसला. मीही हसलो, आणि मग बराच वेळ त्याच्याकडे बघायची सोय राहिली नाही.

चोर सापडला तर कबूल करून मोकळं व्हावं. फोटोला वाळवी लागली नव्हती. तो मी खराब केला.

तू चौदा वर्षांची होतीस. आई गेल्यानंतर घरात माणसं होती, आणि मी मागच्या खोलीत कडी लावून बसायचो. तुम्हाला वाटायचं रडतोय. मी तिचा फोटो काढत होतो. आमच्याकडे फोटो म्हणजे रंगवलेलं चित्रच, हे तुला सांगायला नको. तेरवीच्या जेवणाआधी तो भिंतीवर लागला पाहिजे, नाहीतर गेलेल्या माणसाला पंगतीत जागा नाही असं लोक मानतात. दुसऱ्यांसाठी मी ते किती वेळा केलं याची मोजदाद नाही. लहान फोटोवर चौकोन आखलेली काच ठेवायची, कॅनव्हासवर तेवढेच मोठे चौकोन आखायचे, आणि एकेका चौकोनातलं तिकडून इकडे आणायचं. चेहरा बघायचाच नाही, चौकोन बघायचे. चेहरा आपोआप येतो.

त्या दिवसांत काच सापडली नाही म्हणून, किंवा शोधायचं भान नव्हतं म्हणून, मी त्या लग्नातल्या फोटोवरच पेनने रेघा मारल्या. शिकाऊ पोरगाही असं करत नाही. मग रेघा पुसायला गेलो, तर खोडरबराबरोबर तुझ्या आईचा गाल निघून आला. अस्थी घेऊन राजघाटावर गेलो तेव्हा तो फोटोही तापीत सोडला. नंदकुमार शेजारीच उभा होता. त्याला वाटलं, मी दक्षिणेची नोट सोडतोय.

तेराव्या दिवशी भिंत रिकामी होती. पंगत बसली होती. नंदकुमारने सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊजी, जगाच्या आया रंगवता, माझ्या बहिणीचा फोटो कुठंय?" आणि मी म्हणालो, "वेळ झाला नाही."

ते वाक्य तू ऐकलंस. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून मामाबरोबर जळगावला गेलीस ती गेलीसच. तुझ्या लग्नातही मला मांडवात दुसऱ्या रांगेची खुर्ची दाखवली, आणि मी मुकाट्याने बसलो. बत्तीस वर्षं तू मला त्या तीन शब्दांनी ओळखतेस. तर आता कळलं ना, वेळ होता. मी बसलो होतो. जमलं नाही एवढंच.

एवढं वाचून तुझा राग थोडा कमी झाला तर मला बरं वाटेल. लपवत नाही.

नाना


राजपुरा
२ मार्च

ज्योत्स्ना,

तुझं पोस्टकार्ड आलं. बत्तीस वर्षांत तुझ्या हातचं पहिलं अक्षर. 'र' अजून तसाच काढतेस, शेपटी लांबवून. कार्ड उलटसुलट करून पाहिलं, पण एका ओळीपलीकडे काही नव्हतं.

"दुसऱ्यांच्या आया दहा दिवसांत जमायच्या, माझीच का जमली नाही?"

तू वकील व्हायला हवी होतीस. मागच्या पत्रात मी स्वतःला जरा बऱ्या उजेडात उभं केलं होतं. गिऱ्हाइकाचा फोटो रंगवताना गालावर थोडा गुलाबी लावतात ना, तसं. आता तो पुसून सांगतो. शेवटपर्यंत वाच, आणि मग हवं ते कर.

१९८९चा मार्च. खकनारहून लोटू पाटील आले. त्यांची आई सोजरबाई वारून तिसरा दिवस होता. केळीचे मोठे बागाईतदार, चार भाऊ, गावात मान. आणि आईचा एकही फोटो नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं म्हणून म्हातारीने जन्मात कॅमेऱ्यापुढे तोंड केलं नव्हतं. साठीत गेली.

असं गिऱ्हाईक नवं नव्हतं. त्याचीही पद्धत ठरलेली. घरच्यांना समोर बसवायचं आणि विचारायचं, कपाळ कुणासारखं? नाक कोणत्या लेकीने उचललं? बहीण हयात असेल तर तिची हनुवटी घ्यायची. असं जमवत जमवत नेपानगरच्या मिलच्या कागदावर कच्चं चित्र काढायचं आणि दाखवायचं. बघणाऱ्यांतलं एक जण जरी रडलं, तरी समजायचं जमलं.

माझी दोन कच्ची चित्रं परत आली. कुणी रडलं नाही. लोटू पाटील म्हणाले, "पेंटरबाबा, नाक बी बराबर हाये, डोये बी बराबर हायेत, पन ही माय नाही."

लीलाधर पेंटरचं चित्र कधी परत गेलं नव्हतं. इंदूरला कलाशाळेत दीड वर्ष काढून परत आलो होतो, भोपाळच्या प्रदर्शनाला पाठवलेलं चित्र न उघडता परत आलं होतं, पण बुऱ्हाणपुरात माझा शब्द चालायचा. तेवढीच माझी ऐट. ती खकनारच्या बाजारात उतरणार, या विचाराने मला जेवण जाईना. पैशांसाठी केलं असतं तर कदाचित आज कमी लाज वाटली असती.

ते दुकानात बसले होते तेव्हा तुझी आई चहा घेऊन आली. पदर सावरत तिने कप ठेवला आणि पाहुण्याकडे क्षणभर बघितलं. लोटू पाटील बघतच राहिले. मग म्हणाले, "माय अशीच बघे. चहा देताना. साखर कमी त नाही पडली आपल्या पोराले, असं."

मी तिथेच ठरवलं.

माझे उस्ताद, ज्यांच्याकडे मी ब्रश धरायला शिकलो, त्यांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती. मयताचा फोटो करायचा असेल तर जिवंत माणसाचं नाक घे, कान घे, पण अख्खा चेहरा घेऊ नकोस. जिवंताला समोर बसवून मयत काढायचं नाही. हार कुणाच्या गळ्यात पडतो ते आपल्याला कळत नाही. राजपुऱ्यात हे प्रत्येक पेंटरला माहीत होतं. मलाही होतं.

मी तुझ्या आईला म्हणालो, "मंगला, तुझं चित्र काढतो. दुपारची बसशील?"

तिला खरं वाटेना. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मी तिचं एक बोटसुद्धा काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाक लवकर आटोपला, केस धुतले, हिरवी साडी नेसली. आठ दुपारी बसली. तू शाळेत असायचीस. मला वाटतं, तिने आयुष्यात तेवढंच रिकामं बसून घेतलं. पहिल्या दिवशी हात कुठे ठेवावे ते कळेना, सारखी बोटं मोडायची. तिसऱ्या दिवसापासून गप्पा मारायला लागली. माहेरच्या, मैत्रिणींच्या, तुला नाव कोणतं ठेवायचं यावरून झालेल्या भांडणाच्या. मला म्हणाली, "अहो, नाकातली चमकी नीट येऊ द्या बरं का." मी हो म्हणालो. पूर्ण झाल्याशिवाय बघायचं नाही, असं तिला सांगितलं होतं. कॅनव्हास माझ्याकडे तोंड करून होता.

आणि मी काय करत होतो? ती एकतीस वर्षांची होती. मी तिला साठ वर्षांची करत होतो. केस पांढरे केले. डोळ्यांखाली सुरकुत्या ओढल्या. गाल खाली आणले. आणि सोजरबाई विधवा होत्या, म्हणून कपाळ कोरं ठेवलं. गळ्यात मंगळसूत्र रंगवलं नाही. समोर ती कुंकू लावून बसलेली, हसत बोलत असलेली, आणि तिचा नवरा तीन हातांवर बसून तिचं कुंकू पुसत होता. एकदा तिने विचारलं, "एवढे गप्प का?" मी म्हणालो, रंग बघतोय.

आठव्या दिवशी तिला सांगितलं की रंग फाटला, चित्र बिघडलं, खरवडून टाकलं. तिला वाईट वाटलं ते माझं. "असू द्या," म्हणाली. "तुमची किती मेहनत गेली."

तिकडे खकनारला चित्र भिंतीवर चढलं आणि चारही भाऊ एकदम रडले. लोटू पाटलांनी माझे पाय धरले. मी धरू दिले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांच्या घरी लग्न होतं. आमची माय परत आणून देणारा माणूस म्हणून मला मानाचं बोलावणं, जीप पाठवलेली. मी टॉकीजच्या बोर्डाचं काम पुढे केलं. वाटलं, मी गेलो नाही म्हणजे कुणी जाणार नाही. पण तुझ्या आईने मान मोडू नये म्हणून तुला घेतलं आणि जीपमध्ये बसली. मी घरी आलो तेव्हा तुम्ही दोघी निघून गेला होतात.

आठवतंय? तू अकरा वर्षांची होतीस. परत आल्यावर धावत माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "नाना, तिथं फोटोत एक आजी होती, एकदम आईसारखी!" आणि मी तुला मारलं. त्याआधी कधी हात लावला नव्हता, त्यानंतरही नाही. तुला वाटलं असेल, नवं परकर-पोलकं मळवलं म्हणून. त्या थपडेचं खरं कारण आज सांगतोय. तू खरं बोललीस म्हणून मारलं.

तुझी आई दारात उभी होती. पाणी प्यायली आणि एवढंच म्हणाली, "हार ताजा होता."

कच्च्या चित्रांचे कागद तिने दुसऱ्या दिवशी पाणी तापवायला बंबात घातले. एकेक करून, बघून. संध्याकाळी मला म्हणाली, "आता माझा फोटो कधी काढू नका. माझं एकदा झालंय." त्यानंतर तीन वर्षांत तिचं पोटाचं दुखणं निघालं आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले गाठ आधीपासून होती. डॉक्टर खरंच बोलत असतील. मला त्याचा उपयोग झाला नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी तिचा शब्द पाळला म्हणून भिंत रिकामी राहिली, असं लिहायचा मोह मला आत्ता याच ओळीला झाला होता. पण तसं नव्हतं. तिने नाही म्हटलेलं असूनही मी तेरवीसाठी फोटो काढायला बसलोच होतो. दर वेळी हाताखाली तीच म्हातारी यायची. पांढरे केस, कोरं कपाळ. तुझी आई कशी दिसायची ते माझ्या हाताला आठवेना, म्हणून त्या लग्नातल्या फोटोवर रेघा मारल्या, म्हणून तो गेला. खकनारची सोजरबाई माझ्या डोळ्यांतून मंगलाला घेऊन गेली होती, आणि मीच तिला दिली होती.

मला माफ कर असं लिहिणार नाही. ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागतं.

नाना


राजपुरा
१० मार्च

ज्योत्स्ना,

तुझं काही आलं नाही. यावं असं मी काही लिहिलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की उठतो.

काल विपुलच्या मोटारसायकलवर खकनारला जाऊन आलो. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. त्याला सांगितलं, जुनं गिऱ्हाईक आहे. लोटू पाटील जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या पत्नी, मालूबाई, आहेत. थकल्यात, पण आवाज खणखणीत. जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलंय. फोटो दिवाणखान्यात आहे, टीव्हीच्या वर, आणि भोवती दिवाळीची बारकी दिव्यांची माळ.

मी खुर्चीतून उठून बघितला. रंग कुठेही फाटलेला नाही. मी केलेलं सगळ्यांत चांगलं काम तेच आहे, आणि हे लिहितानाही मला त्याचा थोडा अभिमान वाटला, यावरून तुझा बाप कसा माणूस आहे ते ओळख.

मालूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात पोरगं झालं का पैले आजीपुढी आनून निजवतो. परीक्षेचं कागद बी इथंच ठिवतात पोरं." मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पेंटरबाबा, येक सांगू का? सासूबाईनं चमकी कधी घातली नाही. पन फोटोत शोभते, म्हनून आमी कोनी काई बोललो नाही."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. चहा आला, मी प्यालो, आणि निघालो.

विपुल मोबाइलवर फोटो काढत होता, मी त्याचा हात धरला. तुला तो क्षणात पाठवता आला असता, हे मला कळतं. पण तुझ्या आईचा चेहरा तिला न विचारता एकदा मी दिलाय, परत देणार नाही. तू स्वतः बघायचं ठरवलंस तर बघ. खकनारला बसस्टँडवरून पाटलांचं घर कुणीही दाखवेल, मोठ्या लिंबाशेजारी. तो फोटो तुझ्या आईचा आहे असं तू तिथे सांगितलंस तर मी येऊन साक्ष देईन, लेखी हवी तर लेखी. त्यांची आजी जाईल, हे मला माहीत आहे. एकाच चेहऱ्यावर दोन घरांचा हक्क मी करून ठेवलाय. कुणाचा खरा, ते तू ठरव. मला ठरवायचा अधिकार राहिला नाही.

एकच लक्षात ठेव, ती त्यात म्हातारी आहे. तुला आठवते तशी नाही.

नाना


राजपुरा
२२ एप्रिल

ज्योत्स्ना,

काल दुपारी मालूबाईंचा फोन आला. माझा नंबर विपुलने त्यांच्या नातवाला दिला होता. पुढचं सगळं मला त्यांच्याकडून कळलं.

म्हणाल्या, "परवाच्या दिशी येक बाई आली व्हती, संगं लग्नाची पोरगी. म्हने लहानपनी तुमच्या घरी लग्नाले आली व्हती मी मायसंगं, गावावरून जात व्हतो म्हनून आलो. मले काई आठवेना, पन म्हटलं आली त आली. पानी देलं. त ती आजीच्या फोटोपुढी जाऊन उभी राह्यली. बसते बी नाही, बोलते बी नाही."

शीतलला तू पाया पडायला लावलंस, असं म्हणाल्या. तुझ्या हातात अक्षतांची पुडी होती. लग्नाचं पहिलं बोलावणं देवापुढे ठेवतात तशा त्या अक्षता तू फोटोपुढे ठेवल्यास. पत्रिका मात्र काढली नाहीस. नातू म्हणाला, वाचायला द्या ना, तर तू म्हणालीस, पत्रिका घरीच राहिली. पत्रिकेवर तुझ्या आईचं नाव छापलेलं असणार, आणि माझंही. ते मला समजलं.

मग मालूबाईंना तू विचारलंस, यांचं वय काय होतं? त्या म्हणाल्या, "साठ-बासष्ट." तू म्हणालीस, "एवढं जगल्या?" आणि तुला रडू आवरलं नाही.

"लै रडली वं," मालूबाई सांगत होत्या. "म्या म्हटलं, वारली असंल हिची माय. म्या दोघींची ओटी भरली. म्हटलं, माय नाही त काय झालं, हे घर तुहं माहेर समज. त माह्या गळ्यातच पडली."

त्यांना तू काही सांगितलं नाहीस. त्यांची आजी त्यांच्या भिंतीवर ठेवून आलीस. मी असतो तर मला हे सुचलं नसतं. तुझ्या आईला सुचलं असतं.

खकनारहून नाशिकला जायचं म्हणजे गाडी बुऱ्हाणपूरलाच धरावी लागते. म्हणजे त्या दिवशी तू इथे होतीस, स्टेशनवर, माझ्यापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. मी घरीच होतो. तू आली नाहीस हे बरोबरच केलंस. लग्नाला बोलावलं नाहीस तेही बरोबर. हे मी वरवर लिहीत नाही.

हे पत्र खरं तर पुढच्या गोष्टीसाठी लिहायला घेतलं, आणि इतका वेळ बाकीचंच लिहीत बसलो.

फोन ठेवण्याआधी मालूबाईंनी विचारलं, "पेंटरबाबा, फोटो कोनी काढला म्हनून तिनं तुमचं नाव इचारलं व्हतं. तुमच्या वयखीची व्हती का ती?"

मी म्हणालो, "नाही."

त्या म्हणाल्या, "मले वाटलं असंल. डोये तुमच्यासारखे व्हते तिचे." मी म्हणालो, असतात कुणाकुणाचे. आणि फोन ठेवला.

हे वाचून कदाचित तू म्हणशील, नानांनी बरं केलं, त्या माणसांची आजी राखली. विपुल तर नक्कीच म्हणेल. तसं समजू नकोस. त्या वेळी मला त्यांचं घरही आठवलं नाही आणि त्यांची आजीही. त्यांनी विचारलं आणि मला भीती वाटली, बस एवढंच. साक्ष द्यायला येईन असं तुला लिहून दिलं होतं. तू नुसतं नाव विचारून गेलीस, आणि मी तू माझी कोणी नाहीस असं सांगितलं.

लीलाधर